ब्रॉयटरची सोन्याची सरी : देवाला वाहिलेली की कुणी पुरून ठेवलेली?

हे प्रकरण तेव्हा ब्रिटिश राजवटीखाली असलेल्या आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर घडले. १८९६ साली एका शेतात नांगराला सोने लागले आणि त्यावरून झालेला वाद १९०३ साली लंडनच्या न्यायालयात संपला. शेतकरी, नांगरणारे गडी, घरातली मुलगी आणि संग्राहक यांची नावे इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. सार्वजनिक पदावरून किंवा विद्वान म्हणून जे यात उतरले, तेवढ्यांचीच घेतली आहेत.

पार्श्वभूमी

‘शेजारणीने घातली सरी म्हणून आपण घातली दोरी’ ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते, सरी पाहिलेली माणसे मात्र आता थोडी. ती हारासारखी लोंबत नाही. धातूचे जाड कडे असते ते, गळ्याभोवती ताठ बसणारे आणि पुढे टोके जुळणारे. युरोपातल्या प्राचीन सेल्ट लोकांचा ‘टॉर्क’ हा दागिना डोळ्यांसमोर आणायचा तर सरी आठवावी. पुष्कळ टॉर्क सोन्याच्या पट्टीला किंवा तारांना पीळ देऊन केलेले असतात. नावही पीळ देणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलेले आहे.

आपल्याकडे सरी बायकांची. सेल्टांमध्ये मात्र ती योद्ध्यांच्या आणि देवांच्याही गळ्यात दिसते. इ.स.पू. २२५ मध्ये इटलीत तेलामोनला लढाई झाली. तिथे सेल्टांच्या आघाडीच्या तुकड्या सोन्याचे टॉर्क आणि दंडावरची कडी घालून उभ्या होत्या, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. मॅनलियस या रोमन तरुणाने एका गॉलला, म्हणजे सेल्ट योद्ध्याला, द्वंद्वात मारले, त्याचा टॉर्क काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि त्यावरून ‘टॉर्क्वाटस’ हे नाव त्याच्या घराण्याला चिकटले, अशी कथा रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या कढईवर मांडी घालून बसलेला एक शिंगवाला देव आहे. त्याच्या गळ्यात एक टॉर्क आहे आणि हातात दुसरा. तेव्हा असे कडे जमिनीत सापडले की ते माणसाचे होते की देवाला दिलेले, हा प्रश्न नुसता हौसेचा राहत नाही. ब्रॉयटरच्या सोन्याची मालकी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार होती.

काय सापडले

फेब्रुवारी १८९६. लिमावॅडी गावाजवळच्या ब्रॉयटर या वाडीत, लॉख फॉइल या खाडीलगतच्या सपाट जमिनीत दोन गडी शेत नांगरत होते. नांगरट नेहमीपेक्षा खोल चालली होती. फाळ कशाला तरी अडला. मातीत लडबडलेला, चेपलेला धातू वर आला. हे सोने आहे हे दोघांच्याही लक्षात आले नाही. त्यांनी तो ऐवज मालकाच्या घरी नेला. तिथे घरकामाला असलेल्या मुलीने, म्हणजे त्यांच्यापैकी एकाच्या बहिणीने, तो धुऊन काढला. त्या धुण्यात काही बारीक तुकडे मोरीतून वाहून गेले असावेत, असे पुढे मानले गेले.

उरले ते असे : पोकळ नळीची, अंगभर नक्षी असलेली एक सरी, पीळ दिलेल्या दोन सऱ्या, त्यांतली एक अख्खी आणि एक तुटलेली, सोन्याच्या तारा एकमेकींत गुंफून केलेल्या दोन साखळ्या, आपल्याकडच्या गोफाची आठवण करून देणाऱ्या, टांगायला कड्या असलेले पातळ पत्र्याचे एक छोटे वाडगे, आणि सोन्याची एक नाव, म्हणजे छोटी होडी.

नावेची लांबी वीतभरही नाही, वजन सुमारे ८५ ग्रॅम. तेवढ्यात बसायची बाके आहेत, दोन्ही बाजूंना वल्ही आहेत, सुकाणूचे वल्हे आणि डोलकाठीही आहे. नांगराने तिचा इतका चुराडा केला होता की सोनाराने वीसेक तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली.

मोठी सरी हे सेल्टिक सोनारकामातले एक उत्कृष्ट काम मानले जाते. ती इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासची. सोन्याच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले वेलींसारखे वळसे ‘ला तेन’ या सेल्टिक कलाशैलीतले आहेत. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कारागिराने कंपासने बारीक कमानी कोरून घेतल्या आहेत, त्यामुळे जमीन खरखरीत दिसते आणि उठाव झळाळून वर येतो. टोकांची फिरकी तर आजच्या सराफालाही थांबून पाहायला लावेल. एका टोकाला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी जीभ आणि दुसऱ्या टोकाला तिच्या मापाची खाच. जीभ खाचेत घालून फिरवली की सरी बंद होते.

शेतकऱ्याने ऐवज विकला. डेरी शहरातल्या एका जवाहिऱ्याकडून तो कॉर्क शहरातल्या एका नामांकित संग्राहकाकडे गेला आणि त्याने तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला ६०० पौंडांना दिला. १८९७ साली आर्थर इव्हान्स यांनी त्यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुढे क्रीटमध्ये नोसोसचा राजवाडा खणून काढणारे इव्हान्स ते हेच. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या सोन्याला देवाला वाहिलेला ठेवा म्हटले होते. त्या वेळी ते एका विद्वानाचे मत होते. पुढे त्याच मतावर म्युझियमचा बचाव उभा राहिला.

अडचण कुठे होती

निबंध बाहेर आला आणि डब्लिनमध्ये खळबळ उडाली. आयर्लंडमध्ये सापडणारे गुप्तधन राजाच्या वतीने स्वीकारायचे आणि सापडणाऱ्याला मोबदला द्यायचा, ही व्यवस्था १८६०च्या दशकापासून रॉयल आयरिश अकादमी या डब्लिनच्या विद्वत्संस्थेकडे होती. अकादमीचे म्हणणे साधे होते. हे गुप्तधन आहे, ते आमच्याकडे यायला हवे होते, ते परस्पर लंडनला गेले.

म्युझियमची पहिली अडचण कायद्याची होती. संग्रहातली वस्तू कुणाला देऊन टाकण्याचा अधिकार ब्रिटिश म्युझियमच्या कायद्याने विश्वस्तांना दिलेलाच नव्हता. उद्या त्यांच्या मनात आले असते, तरी ते सोने डब्लिनला पाठवू शकत नव्हते.

दुसरी अडचण अधिक खोलवरची, आणि मला विचाराल तर या प्रकरणाचा जीव तिच्यातच आहे. इंग्रजी कायद्याच्या मध्ययुगीन व्याख्येप्रमाणे जमिनीतले सोने-चांदी गुप्तधन ठरायला ते परत काढून नेण्याच्या हेतूने लपवलेले असावे लागे आणि त्याचा मालक अज्ञात असावा लागे. असे असेल तर ते राजाचे. ते हरवलेले असेल किंवा परत घ्यायचेच नाही म्हणून टाकून दिलेले असेल, तर राजाचा हक्क संपला. मग ते जमीनवाल्याचे किंवा सापडणाऱ्याचे, आणि पुढची सगळी विक्री कायदेशीर.

देवाला वाहिलेली वस्तू कुणी परत मागायला येत नाही. समुद्रदेवतेसाठी पाण्यात सोडलेले सोने म्हणजे कायद्याच्या दृष्टीने टाकून दिलेले सोने. म्हणजे अर्पण सिद्ध झाले तर म्युझियम जिंकणार आणि लपवणूक सिद्ध झाली तर राजा. दोन हजार वर्षांपूर्वी नाव-गाव माहीत नसलेल्या कुणीतरी खड्ड्यात सोने ठेवले, तेव्हा त्याच्या मनात काय होते, हे आता एका इंग्रज न्यायाधीशाने ठरवायचे होते.

इथे आपल्याशी असलेला एक धागा सांगायला हवा. याच राज्यकर्त्यांनी भारतासाठी १८७८ सालीच गुप्तधनाचा वेगळा कायदा केला होता, आणि त्यात पुरणाऱ्याच्या हेतूची भानगडच ठेवलेली नव्हती. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत १० रुपयांवर असली की कलेक्टरला कळवायचे. ती बेवारस ठरली आणि आपसांत काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जमीनवाल्याचे. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन घ्यावी. ब्रॉयटरचे शेत सातारा जिल्ह्यात असते, तर देवाच्या मनाचा आणि भक्ताच्या हेतूचा खल न्यायालयात झालाच नसता.

कोणते पर्याय तोलले गेले

पहिला पर्याय गप्प बसण्याचा. म्युझियमने पूर्ण किंमत मोजून, प्रतिष्ठित संग्राहकाकडून उघडपणे खरेदी केली होती. पण संसदेत प्रश्न विचारले जाऊ लागले. आयर्लंडच्या स्वायत्ततेचा प्रश्न तापलेला असताना आयरिश मातीतले सोने लंडनच्या काचेच्या कपाटात ठेवणे राजकीयदृष्ट्या जड जाणार होते.

दुसरा पर्याय समजुतीचा. सरकारने समिती नेमली, पत्रव्यवहार झाला. पण विश्वस्तांचे हात कायद्याने बांधलेले, त्यामुळे चर्चा फिरून तिथेच यायची. तिसरा पर्याय कायद्यात दुरुस्ती करण्याचा. तो धोक्याचा वाटणे स्वाभाविक होते. एका वस्तूसाठी दार उघडले की दुसऱ्या कुणाची मागणी कोणत्या तोंडाने नाकारायची?

राहिला न्यायालयाचा रस्ता, आणि गंमत म्हणजे म्युझियमच्या अडचणीतून सुटायची वाटही तिथूनच जात होती. विश्वस्त आपली वस्तू देऊ शकत नव्हते हे खरे. पण ती वस्तू मुळात कधी त्यांची झालीच नव्हती असे न्यायालयाने म्हटले, तर देण्याचा प्रश्नच उरत नव्हता. म्हणून राजाच्या वतीने ॲटर्नी जनरलने राष्ट्राच्याच म्युझियमवर दावा लावला. उजव्या खिशाने डाव्या खिशाला कोर्टात खेचले.

न्यायालयात काय झाले

दावा १९०३ साली न्यायमूर्ती फारवेल यांच्यासमोर चालला. राजाच्या बाजूने उभे असलेल्यांत सॉलिसिटर जनरल एडवर्ड कार्सन होते. आयर्लंड ब्रिटनपासून वेगळा होऊ नये म्हणून दशकभराने अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात लोकांना उभे करणारे कार्सन ते हेच. लंडनचे सोने डब्लिनला नेण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले, हे त्यांच्या चरित्रातले मला सर्वांत आवडणारे विसंगतीचे पान आहे.

म्युझियमची मांडणी इव्हान्स यांच्या वाटेने गेली. सोने सापडले ती जागा पूर्वी समुद्राखाली होती. ऐवजात सोन्याची होडी आहे. आयरिश परंपरेत मनानान मॅक लिर हा समुद्राचा अधिपती आहे. तेव्हा कुणा सरदाराने किंवा दर्यावर्दीने त्याला वाहिलेले हे दान असावे.

राजपक्षाने आधी या मांडणीच्या पायाखालची जमीनच तपासली. निसर्गशास्त्रज्ञ रॉबर्ट लॉइड प्रेगर आणि पुरातत्त्वज्ञ जॉर्ज कॉफी यांनी किनाऱ्याचे थर पाहिले. हा पट्टा समुद्रातून वर आलेला आहे हे खरे, पण तो वर आला हे सोने घडण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकात ही कोरडी जमीन होती. दुसरा मुद्दा साध्या व्यवहाराचा. सगळ्या वस्तू एकमेकींना लागून सापडल्या. लाटांत टाकलेल्या वस्तू पसरतात. एका ठिकाणी राहतात त्या फडक्यात किंवा पेटीत बांधून पुरलेल्या.

तिसरा मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा. लपवलेले सोने सापडले आणि मालक माहीत नसला, तर ते परत घेण्यासाठीच लपवले असे आधी धरून चालायचे. तसे नव्हते असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. आयर्लंडमध्ये समुद्राला असे दान देण्याची प्रथा होती, हेही म्युझियमला दाखवता आले नाही. या कल्पना इंग्रज न्यायालयाच्या अहवालातल्या गद्यापेक्षा एखाद्या सेल्टिक भाटाच्या काव्यात जास्त शोभतील, अशा अर्थाचा शेरा फारवेल यांनी मारला आणि ऐवज गुप्तधन ठरवून राजाला दिला.

राजा सातवा एडवर्ड यांनी तो रॉयल आयरिश अकादमीकडे सोपवला. आज तो डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

निकालानंतर

निकालाने सोन्याचा प्रवास थांबला. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि लिमावॅडी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये राहिले. डब्लिन दुसऱ्या देशाची राजधानी झाले. ज्या ‘आयरिश मातीतले सोने आयर्लंडमध्ये’ या भावनेने सगळे उभे राहिले, तिच्यातली माती एका देशात आणि सोने दुसऱ्या देशात अशी वाटणी झाली. १९९६ साली ब्रिटनने उत्तर आयर्लंडसाठी एक पौंडाचे नाणे काढले, त्यावर ब्रॉयटरची सरी आहे. २००० साली आयर्लंडने सहस्रकानिमित्त एक पौंडाचे नाणे काढले, त्यावर ब्रॉयटरची नाव आहे.

सोने सापडून शंभर वर्षे झाली त्याच १९९६ साली ब्रिटनमध्ये गुप्तधनाचा नवा कायदा आला. तो इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लागू आहे. त्यात पुरणाऱ्याच्या हेतूची अट काढून टाकली गेली. वस्तू ३०० वर्षांहून जुनी आहे का, तिच्यात निदान दहा टक्के सोने किंवा चांदी आहे का, असल्या मोजता येणाऱ्या कसोट्या आल्या. सापडल्यापासून १४ दिवसांत कळवायचे. संग्रहालयाने वस्तू घेतली तर बक्षीस सापडणारा आणि जमीनमालक यांना मिळते. आपल्या १८७८च्या कायद्याला ओळखीची वाटावी अशीच ही रचना.

निर्णयांकडे आज पाहताना

सोने जिथे जायला हवे होते तिथे गेले, असे मला वाटते. पण ज्या कारणाने गेले, ते आजच्या बहुतेक अभ्यासकांना पटणार नाही. अर्पणाची कल्पना आता पुष्कळांना अधिक संभवनीय वाटते. तोलोसाच्या, म्हणजे आजच्या तुलूजच्या परिसरातल्या सेल्टांचे सोने पवित्र तळ्यांत ठेवलेले असे, असे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. वेल्सच्या अँगलसी बेटावर लिन केरिग बाख इथे दुसऱ्या महायुद्धात विमानतळाचे काम चालू असताना जुन्या तळ्याच्या चिखलातून तलवारी, रथांचे भाग, साखळदंड निघाले. ही उदाहरणे आयर्लंडबाहेरची आहेत आणि अँगलसीचा शोध तर फारवेल यांच्या निकालानंतर चाळीस वर्षांनी लागला. न्यायाधीशाने समोरच्या पुराव्यावर निकाल दिला, यात त्याचे चुकले नाही.

न्यायालयातल्या दोन्ही पक्षांचा एक गोंधळ मात्र समान होता. दान म्हणजे पाण्यात सोडलेले, आणि जमीन कोरडी ठरली की दान बाद, असे दोघांनीही धरले. देवाला दिलेले जमिनीतही पुरता येते. प्रेगर यांच्या पाहणीने समुद्र हटवला, देव हटवला नाही.

उलट बाजूचे उदाहरण इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये आहे. स्नेटिशम इथे १९४८ पासून सेल्टिक सऱ्यांचे ढीग सापडत आले. १९९०च्या उत्खननात काही खड्डे दुमजली निघाले. वर कमी मोलाच्या सऱ्या, मग माती, आणि त्याखाली अधिक मोलाचा ऐवज. चोराला वरचे मिळावे आणि तो समाधानाने निघून जावा, अशी ही रचना दिसते. परत येऊन काढण्याचा हेतू म्हणावा तर याहून चांगला पुरावा कोणता? तरीही तो खजिना की दान, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एवढी स्पष्ट खूण असतानाही जिथे मतभेद आहेत, तिथे नांगराने उधळलेल्या ब्रॉयटरच्या खड्ड्यावरून हेतू ठरवणे केवढे अवघड होते याची कल्पना यावी.

वेगळे काय करता आले असते

म्युझियमने खरेदीआधी एक पत्र डब्लिनला टाकले असते, तर सात वर्षे वाचली असती. वस्तू आयर्लंडमध्ये सापडली हे लपलेले नव्हते आणि गुप्तधनाचे काम अकादमीकडे आहे हेही गुपित नव्हते. आज कोणतेही संग्रहालय खरेदी करताना वस्तू कुठून आली, कुणाच्या हातून आली हे विचारते. तेव्हा विक्रेत्याची प्रतिष्ठा हाच दाखला मानला गेला.

संग्राहकाचा निर्णय तोलणे अवघड. त्याने मोडलेली नाव दुरुस्त करवून घेतली, तुकडे एकत्र ठेवले आणि ऐवज वितळू दिला नाही. त्याच्याऐवजी निव्वळ वजनावर घेणारा सराफ मिळाला असता, तर आज वादाला वस्तूच उरली नसती. पण त्यानेही ऐवज अकादमीला दाखवला नाही.

शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. मात्र कळवल्याने काय मिळेल आणि विकल्याने काय मिळेल, याचा हिशेब त्याला कुणी समजावला होता? व्यवस्था डब्लिनमध्ये होती आणि नांगर लिमावॅडीत.

आणि तो पहिला दिवस. खड्डा किती खोल होता, फडके किंवा पेटी यांचा मातीत काही ठसा होता का, नाव वाडग्याशेजारी होती की सरीच्या कड्यात ठेवलेली, यांतले काही त्या वेळी कुणी टिपून ठेवले असते, तर न्यायालयाला मनानान मॅक लिरला साक्षीला बोलवावे लागले नसते. पण चिखलाचे गाठोडे घरी आले तेव्हा ते कुणालाच सोने वाटत नव्हते. घाणेरडी वस्तू घरात आली की करतात तेच त्या मुलीने केले. तिने ती पाण्याखाली धरली.